हरवलेला चिलखती बेडूक

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की त्या रात्री आमच्या भागातील शेते, तळी आणि ओहोळ एकाएकी बोलू लागतात. कोंकणीत आम्ही बेडकाला ‘बेबो’ म्हणतो, आणि हे नाव त्याच्या ओरडण्यातूनच जन्मले असावे असे अशा रात्री वाटू लागते. संस्कृत पंडितांनी मात्र या प्राण्याच्या वाट्याला एक अपकीर्ती ठेवली आहे. स्वतःच्या विहिरीलाच जग समजणाऱ्या माणसाला ते ‘कूपमंडूक’ म्हणत. मराठीच्या तासाला हा शब्द आम्ही कित्येकदा फळ्यावर लिहिला आणि त्याचा अर्थ सांगताना बिचाऱ्या बेडकाला हसूनही घेतले. आज एका अशा बेडकाची कहाणी सांगावयाची आहे की जिच्यात बेडूक विहिरीबाहेर निघून गेला होता, आणि त्याला शोधणारी शहाणी माणसेच काही वर्षे विहिरीत राहिली होती.

ही कहाणी आपल्या देशातील नव्हे. ऑस्ट्रेलिया खंडाच्या ईशान्येस क्वीन्सलँड नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तर भागात समुद्रकिनाऱ्याला लागूनच डोंगरांची एक रांग उभी आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे या डोंगरांवर आदळतात व विपुल पाऊस पाडतात. त्यामुळे तेथे घनदाट सदाहरित अरण्य माजले आहे. पृथ्वीवरील अतिप्राचीन अरण्यांत त्याची गणना होते, आणि १९८८ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला. डोंगरांच्या पश्चिमेस उतरावे तसतसा पाऊस उणावतो, झाडी विरळ होते व युकॅलिप्टसचे मोकळे रान लागते. आंबोलीहून बेळगावच्या बाजूस प्रवास करणाऱ्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. डोंगराने पाऊस अडवला म्हणजे पलीकडे काय होते हे आपण दरवर्षी पाहतो. फक्त दिशा उलट आहे. आपला पाऊस पश्चिमेकडून येतो, तेथील पूर्वेकडून. पुढील सर्व हकिगतीची किल्ली या दोन उतारांतील फरकात आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

त्या अरण्यातील ओढे डोंगरावरून कोसळत, खडकांवर आपटत खाली येतात. पाण्याचे बारीक तुषार सतत उडत असल्याने आसपासचे दगड नित्य ओले राहतात. दूधसागरच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर छत्री असूनही अंग कसे भिजते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या जागेची कल्पना सहज येईल. अशा तुषारांच्या पट्ट्यात काही बेडकांनी आपले घर केले आहे. इंग्रजीत त्यांना ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ घेऊन आपण त्यांना ‘तुषार-बेडूक’ म्हणू. त्यांचे कुल वृक्षमंडूकांचे, म्हणजे झाडावर चढणाऱ्या बेडकांचे आहे; परंतु या शाखेने झाडाची फांदी सोडून ओढ्यातील खडक पत्करला. बोटांच्या टोकांशी असलेल्या ज्या गोल गाद्यांनी त्यांचे भाईबंद पानांना चिकटतात, त्याच गाद्यांनी हे निसरड्या शिळेला चिकटून बसतात.

आपला कथानायक यांपैकी एक, ‘चिलखती तुषार-बेडूक’. १९७९ साली मार्गारेट डेव्हिस व कीथ मॅकडोनाल्ड या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले. तो त्यांना थॉर्नटन पीक नावाच्या १३७४ मीटर उंचीच्या शिखराच्या परिसरात मिळाला होता. शास्त्रीय नाव ठेवताना त्यांनी ‘लोरिका’ हा लॅटिन शब्द योजला. रोमन सैनिक छातीवर जे चिलखत चढवीत त्याला ‘लोरिका’ म्हणत. या बेडकाची लांबी अवघी साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी. रंग ओल्या दगडासारखा करडा-तपकिरी. मग चिलखत कोठले? विणीच्या काळात नराच्या छातीवर बारीक काळ्या काट्यांचे पुंजके उमटतात, तेच त्याचे चिलखत. ते लढाईसाठी नाही. कोसळत्या पाण्यात मादीला धरून राहावयाचे तर पकड घट्ट हवी, आणि ती पकड हे काटे देतात.

प्रवाहात संसार करण्याच्या या युक्त्या पिढ्यान्‌पिढ्या घडत आल्या आहेत. आपल्या शेतातील बेडूक साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तुषार-बेडकांच्या गटातील माद्या मात्र आपली अंडी वाहत्या पाण्यातील दगडांखाली चिकटवून ठेवतात. त्यांतून निघणारे बेडूकमासे चपट्या अंगाचे असून त्यांचे तोंड एखाद्या चोषकासारखे असते. त्या तोंडाने ते खडकाला धरून ठेवतात व प्रवाह वरून वाहत असताना खडकावरील शेवाळ खरवडून खातात. ज्या पाण्यात माणसाचा पाय ठरत नाही तेथे अर्ध्या बोटाएवढा हा जीव निश्चिंतपणे जेवत असतो.

अशा रीतीने पाण्याशी झुंजण्याची सारी तयारी या बेडकापाशी होती. संकट आले ते मात्र पाण्याच्या जोराचे नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर क्वीन्सलँडच्या उंच डोंगरांतील ओढे हळूहळू मुके होऊ लागले. पाणी पूर्वीइतकेच स्वच्छ होते. अरण्य तोडले गेले नव्हते. विषारी द्रव्येही कोणी सोडली नव्हती. तरीसुद्धा सुमारे ४०० मीटरांहून अधिक उंचीवरील ओढ्यांतून एकामागून एक जाती दिसेनाशा झाल्या. ‘पर्वती तुषार-बेडूक’ नावाची एक जात १९९० नंतर कोणाच्या दृष्टीस पडलेली नाही. आपला चिलखती बेडूक १९९१ साली अखेरचा दिसला. पुढे जाणकारांनी त्याचे परिचित ओढे पुन्हा पुन्हा तपासले. परंतु प्रत्येक वेळी ते रिकाम्या हाताने परतले.

घर शाबूत आहे आणि घरमालक नाही, अशी ही विलक्षण अवस्था होती. चोर कोण हे कळावयास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिका येथील मृत बेडकांच्या त्वचेत एकच सूक्ष्म बुरशी आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. ‘कायट्रिड’ वर्गातील ही बुरशी पाण्यातून पसरते. तिचे बीजाणू इवल्या शेपटीच्या साहाय्याने पोहत जातात व बेडकाच्या कातडीत शिरतात.

येथे बेडकाच्या कातडीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपली त्वचा हे आपले पांघरूण आहे; बेडकाची त्वचा त्याहून कितीतरी अधिक कामे करते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचाही मोठा भाग त्याच मार्गाने चालतो. रक्तातील क्षारांचे प्रमाण राखण्यासही ही त्वचाच मदत करते. बुरशीने ती बिघडवली की रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटू लागते आणि शेवटी हृदय बंद पडते. बाहेरून पाहणाऱ्याला एक निजलेला बेडूक दिसतो, एवढेच. बेडूकमाशांच्या अंगावर या बुरशीला मानवणारी कठीण त्वचा केवळ तोंडापाशी असते. म्हणून ते बहुधा जगतात, आणि अंगाला पाय फुटून जमिनीवर येण्याच्या ऐन वेळी मृत्यूच्या तावडीत सापडतात.

या बुरशीला ऊन सोसत नाही. साधारण १७ ते २५ अंश सेल्सिअस तपमानात ती जोमाने वाढते. त्याहून उष्णता वाढली की तिची वाढ मंदावते, आणि ३० अंशांच्या आसपास ती टिकाव धरू शकत नाही. उंच डोंगरावरील गर्द झाडीखालचा थंडगार ओढा म्हणजे तिचे माहेरच. आता डोंगरमाथ्यावरचे बेडूक मेले आणि त्यांचेच सखल भागातील सोयरे वाचले, यामागचे कारण उमगते. ज्या गारव्यासाठी, ज्या सावलीसाठी चिलखती बेडकाने हे ओढे निवडले होते, तो गारवाच शत्रूलाही प्रिय होता. मित्र म्हणून ज्याला कवटाळावे त्याच्याच घरी वैऱ्याने बिऱ्हाड करावे, असे झाले.

ही साथ एका ओढ्यापुरती वा एका खंडापुरती नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार या रोगामुळे जगभर उभयचरांच्या ५०१ जातींची संख्या घटली, आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. बुरशीचे मूळ पूर्व आशियात, विशेषतः कोरियाच्या परिसरात असावे, असे २०१८ साली तिच्या आनुवंशिक घडणीच्या अभ्यासावरून दाखवण्यात आले. विसाव्या शतकात माणसाने बेडकांचा देशोदेशी व्यापार केला. कोणी खाण्यासाठी, कोणी प्रयोगशाळेसाठी, कोणी हौसेसाठी बेडूक नेले. आणि त्यांच्या अंगावरून हा न दिसणारा प्रवासीही समुद्र ओलांडून गेला. बेडकांना जग दाखवणारी माणसेच होती. त्याचे परिणाम पाहिले की विहिरीतला बेडूक तितकासा मूर्ख नव्हता असे मनात आल्यावाचून राहत नाही.

चिलखती बेडकाचा शोध घेणाऱ्यांची पाठ धरून आता आपण २००८ सालात येऊ. त्याला दृष्टीआड होऊन सतरा वर्षे झाली होती, आणि तो संपला असे बहुतेकांनी मनाशी धरले होते. त्या वर्षी जेम्स कुक विद्यापीठातील रॉबर्ट पुशेनडॉर्फ हा तरुण संशोधक कार्बाइन पठाराच्या पश्चिम भागात काम करीत होता. हा तोच कोरडा उतार, जेथे सदाहरित अरण्य संपून युकॅलिप्टसचे विरळ रान सुरू होते. चिलखती बेडकाचा एक थोराड भाऊबंद, ‘धबधबा-बेडूक’, उंच भागांतून नाहीसा झाला असताना येथे मात्र टिकून होता, म्हणून त्याचा अभ्यास चालला होता. तेव्हा ओढ्यातील दगडांवर धबधबा-बेडकांच्या सोबतीला आणखी काही लहानखुरे करडे बेडूक बसलेले आढळले. ओळख पटवण्यासाठी कॉनराड हॉस्किन या बेडूकतज्ज्ञाचे साहाय्य झाले, पेशींची आनुवंशिक तपासणी झाली, आणि निर्णय मिळाला: हाच तो चिलखती तुषार-बेडूक.

सतरा वर्षांत त्याला येथे कोणी का शोधले नाही? उत्तर साधे आहे. पुस्तकात त्याचे घर ‘सदाहरित अरण्यातील ओढा’ असे लिहिलेले होते, आणि शोधणारे त्या पत्त्यावर जात राहिले. कोरड्या रानातील उन्हाने तापणारा ओढा हा त्याचा पत्ता असू शकेल असे कोणाच्या ध्यानी आले नाही. यात त्यांचा फार मोठा दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. हरवलेली वस्तू आपण सारे जेथे ठेवली असे वाटते तेथेच पुन्हा पुन्हा पाहतो. तरीही आरंभी सांगितलेला ‘कूपमंडूक’ शब्द येथे आठवतो, आणि या खेपेस तो बेडकाला लागू पडत नाही.

याहून मोठे आश्चर्य पुढे होते. त्या कोरड्या ओढ्यात रोग पोहोचलाच नसेल, म्हणून बेडूक वाचले असतील, असा तर्क कोणीही केला असता. तपासणीत तो खोटा ठरला. बुरशी तेथेही होती. पुष्कळ बेडकांच्या त्वचेत ती सापडली. तरी बेडूक धडधाकट होते व त्यांची संख्याही चांगली होती. शत्रू घरात असूनही घर कोसळले नव्हते. याचे कारण पुशेनडॉर्फ व त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले. विरळ झाडीमुळे त्या ओढ्यातील शिळांवर दिवसभर ऊन पडते. रात्री बेडूक त्या शिळांवर येऊन बसतात तेव्हाही दगडात दिवसाची ऊब शिल्लक असते. दगडाची ऊब पोटाखालून अंगात चढते, आणि तेवढा वेळ बुरशीची वाढ खुंटते. ती मरून जात नाही. परंतु बेडकाचा प्राण घेण्याइतकी बळावतही नाही. धबधब्याचे पाणी अंग ओले ठेवते, तापलेला दगड अंग उबदार ठेवतो. हे दोन्ही जेथे एकत्र आले तेवढ्या एका ओढ्याच्या लहानशा पट्ट्यात एक संपूर्ण जात जगली.

या घटनेचा विचार करताना आमचे मन थोडे थबकते. हा ओढा चिलखती बेडकाच्या राज्याची सीमा होता. पाऊस कमी, ऊन अधिक, झाडी उणी; सर्वसाधारण दृष्टीने पाहता ही त्याच्यासाठी अडचणीची जागा. राज्याच्या मध्यभागी, सर्व सुखे जेथे हात जोडून उभी होती, तेथील त्याचे सारे गणगोत नाहीसे झाले. आणि कडेला अडचणीत राहणारी ही चार घरे उरली. पुढे आणखी एक गोष्ट यातून निघते. अरण्य राखावयाचे तर त्याचा देखणा गाभा राखावा आणि कडेचे विरळ, रूक्ष रान सोडून द्यावे, असे आपल्याला वाटत असते. क्वीन्सलँडमध्ये असे केले गेले असते, तर वाचलेला बेडूकही गेला असता.

मात्र सारी अंडी एका टोपलीत ठेवून कोणी निश्चिंत राहू शकत नाही. एखादा वणवा, एखादा मोठा दुष्काळ आणि खेळ आटोपला. म्हणून २०१३ साली हॉस्किन व पुशेनडॉर्फ यांनी त्या वस्तीतील काही मोजके बेडूक उचलले व त्याच ओढ्यावर काही किलोमीटर वरच्या बाजूस, तशाच उन्हाच्या व उघड्या खडकांच्या जागी नेऊन सोडले. मधल्या धबधब्यांमुळे स्वतःहून तेथे चढून जाणे त्यांना जमले नसते. या बेडकांनी तेथे बिऱ्हाड मांडले. एकाची दोन घरे झाली.

तापलेल्या दगडाचा हा धडा इतर ठिकाणीही उपयोगी पडू लागला आहे. सिडनी येथील मॅक्वारी विद्यापीठाचे अँथनी वॉडल व त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी भोके असलेल्या साध्या विटा काळ्या रंगवून एकावर एक रचल्या व त्यांवर पारदर्शक आच्छादनाचे छोटे घर उभारले. हिरव्या-सोनेरी रंगाच्या एका संकटग्रस्त जातीचे बेडूक आपण होऊन त्या उबदार भोकांत शिरून बसले, आणि त्यांचा रोग बरा झाला. इतकेच नव्हे, एकदा असे बरे झालेले बेडूक पुढे थंडीतही त्या रोगाला पुष्कळ अंशी पुरून उरले. विटा, ऊन आणि थोडी कल्पकता एवढीच सामग्री! शास्त्राची साधने नेहमी महागच असतात असे समजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट वहीत टिपून ठेवावी. येथे एक सत्य लपवून चालणार नाही: जे बेडूक आधीच गेले त्यांना कोणतीही वीट परत आणू शकत नाही. पर्वती तुषार-बेडकाची वाट पाहणे आता जवळजवळ संपले आहे. एक सापडला म्हणून सर्व सापडतील असे नाही.

आता थोडे आपल्या अंगणाकडे पाहू. आपल्या सह्याद्रीतही ही बुरशी बेडकांच्या अंगावर आढळल्याचे २०११ नंतरच्या संशोधनांत दिसून आले. सुदैवाने ऑस्ट्रेलियासारखा संहार येथे झालेला नाही. आशियात या बुरशीचे जुने वंश आहेत, आणि येथील बेडकांचा तिच्याशी फार जुना परिचय असावा, असे शास्त्रज्ञ अनुमान करतात. परंतु परिचयाच्या भरवशावर गाफील राहणे बरे नव्हे. सह्याद्रीतील कित्येक बेडूक अगदी चिमुकल्या मुलखात राहतात. आंबोलीच्या नावाने ओळखली जाणारी भेकाची एक जात २००९ साली शास्त्राला ठाऊक झाली. तिचा मुलूख आंबोलीच्या परिसरापुरताच. इतक्या लहान घरात रोग शिरला तर पळावयास दुसरी खोलीही नाही.

म्हणून शेवटी आमची स्वतःची एक चूक येथे कबूल करतो. मागे एका पावसाळ्यात वर्गातील काही मुलांनी घाटातील सहलीवरून काचेच्या बरणीत बेडूकमासे आणले. आम्ही कौतुकाने ती बरणी खिडकीत ठेवली, त्यांना पाय फुटताना सर्व वर्गाला दाखवले, आणि मग दयाबुद्धीने ते पिल्लू-बेडूक शाळेजवळच्या तळ्यात सोडून दिले. बरणीतले पाणीही तळ्यातच ओतले. त्या वेळी हे आम्हांला पुण्यकर्म वाटले होते. एका ओढ्यातील न दिसणारे जीव दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडण्याचे काम माणसाने जगभर असेच, बहुधा चांगल्या हेतूने केले आहे, हे चिलखती बेडकाची कहाणी वाचल्यावर ध्यानी आले. यापुढे आमच्या वर्गाने नियम केला आहे: बेडूकमासे ओढ्याकाठी बसूनच पाहावयाचे, एका ओढ्यातून दुसऱ्यात उतरण्यापूर्वी पायताणाचा चिखल धुऊन ते उन्हात खडखडीत वाळवावयाचे, आणि पाहिलेल्या प्रत्येक बेडकाची जागा, दिवस व वेळ वहीत लिहावयाची. ही शेवटली गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु जो बेडूक कधी मोजलाच नाही, तो हरवला तरी कळणार कोणाला?

येत्या मृगात ओहोळाकाठी ‘बेबो’ ओरडू लागले की विद्यार्थी मित्रांनी कंदील व वही घेऊन अवश्य जावे, वडील मंडळींची परवानगी घेऊन. पुस्तकात सांगितलेल्या जागी पाहावेच. मग चार पावले पुढे, जेथे काही नसेल असे वाटते, तेथेही दिवा धरावा.